डाव्या हाताची नस

माझ्या हातांवर नर्सिंगच्या पोरी सुई लावायला शिकल्या. सगळ्याच शिकल्या असं नाही. ज्यांना जमलं त्यांना तिथंच जमलं, आणि ज्यांना नाही जमलं त्यांनीही टोचून पाहिलं ते तिथंच.

मला जन्मापासून सिकलसेल आहे. आमच्या भागात हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगते. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात आणि तिथून पुढचं सगळं दुखायला लागतं. हाडं दुखतात, छाती दुखते, पोट दुखतं. थंडी बाधली, पाणी कमी पडलं, ताप आला की दुखणं उठतं. म्हणून धानाच्या रोवणीच्या दिवसांत माझ्या वयाच्या सगळ्या पोरी चिखलात वाकलेल्या असायच्या आणि मी बांधावर छत्री धरून बसलेली असायचे. त्या मला "मालकीणबाई" म्हणायच्या.

आमचं गाव आरमोरीहून आत, तलावाच्या काठाला. बाबा थोडी शेती करायचे आणि विहाराची देखरेख बघायचे, माय मजुरीला जायची. शाळा संपेपर्यंत माझी दुखणी गावातच गोळ्यांवर निभावली. ब्रह्मपुरीला कॉलेजात गेले आणि मग दर थोड्या दिवसांनी दवाखान्यात भरती व्हायची वेळ यायला लागली. दवाखान्याचं नाव सांगत नाही. त्याला लागूनच नर्सिंगची शाळा होती, एवढं कळलं तरी पुरे.

दुखणं उठलं की पहिली गरज सलाईनची असते, आणि सलाईनसाठी नस लागते. माझ्या नसा बारीक, खोल आणि जागेवर न राहणाऱ्या. बोटाखाली लागायच्या आणि सुई जवळ आली की बाजूला व्हायच्या. जुन्या सिस्टर मला पाहिलं की एकमेकींकडे बघायच्या. "आली बाप्पा," असं एक जण तर माझ्या तोंडावरच म्हणायची.

नर्सिंगच्या पोरींना शिकवणाऱ्या मॅडमना मात्र मी आले की आनंद व्हायचा. पहिल्या खेपेलाच त्यांनी पोरींचा घोळका माझ्या खाटेभोवती उभा केला. माझं मनगट धरून हात वर उचलला, बाजारात भोपळा उचलून दाखवतात तसा इकडून तिकडून फिरवून दाखवला.

"पाह्या नीट. असा हात परीक्षेत भेटला तं रडत बसान. इथी जिले जमलं तिले कुठीबी जमन. एकेकीनं दोनदा टोचून पाहायचं. तिसऱ्यांदा नाई."

माय खाटेच्या कडेला बसली होती. तिला मॅडमनी बाहेर जायला सांगितलं. मायनं माझी ओढणी गोळा करून माझ्या तोंडात दिली, म्हणजे दातांखाली धरायला, आणि ती बाहेर गेली.

मॅडम पोरींना नावानं हाक मारत नसत. जिचं जे गाव तेच तिचं नाव. "ए मूल, तू हो पुढं. ए सावली, पट्टा बांध." त्यामुळे माझ्याही डोक्यात त्या पोरी गावांच्याच नावानं राहिल्या आहेत. त्यातल्या दोघींबद्दल मला सांगायचं आहे. एक आरमोरी आणि एक गोंडपिपरी.

आरमोरी माझ्या भागातली. गोल चेहऱ्याची, मऊ आवाजाची, कपाळावर बारीक टिकली. तिची पाळी आली तेव्हा तिनं आधी माझ्या केसांवरून हात फिरवला. "भेऊ नको हं. मी हळू लावतो," म्हणाली. मला बरं वाटलं. दंडाला पट्टा बांधला. सुई कातडीला लागली, मी आवाज केला, आणि ती माझ्या तोंडाकडे बघायला लागली. "लागलं का? लय लागलं का गं?" तिकडे सुई तशीच आत, कुठंतरी मांसात. मग तिनं घाईघाईनं बाहेर काढली आणि तिच्याच डोळ्यांतून पाणी आलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. जाताना तिनं माझ्या उशाशी बिस्किटाचा पुडा ठेवला.

गोंडपिपरी उंच, हाडकुळी, हनुवटीवर भाजल्याची जुनी खूण असलेली. ती खाटेशी आली आणि तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. हात घेतला, उजेडाकडे वळवला, कोपरापासून खाली बोटानं चाचपत गेली. डाव्या हाताच्या अंगठ्याकडून वर जाणारी एक नस आहे, ती तिला लागली. सुई गेली आणि चुकली. मी ओरडले. तिनं सुई काढली, कापूस दाबला आणि विचारलं, "कसं लागलं? आरपार गेली का बाजूनं सरकली?"

मला कळेचना, ही काय विचारते आहे.

"सांग ना. आत काय वाटलं तुले?"

"तुह्या बापाच्या घरी गेली," मी म्हणाले.

आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया हसल्या. मॅडमही हसल्या. गोंडपिपरी हसली नाही आणि रागावलीही नाही. तिनं तोच प्रश्न पुन्हा विचारला, शेंबड्या पोराला पाढा विचारावा तसा. मी तोंड फिरवलं. तिनं दुसरी सुई लावली, तीही चुकली. दोनदा झालं, म्हणून ती बाजूला झाली. बिस्किटाचा पुडा वगैरे काही नाही.

त्या दिवशी मायला मी सांगितलं, एक पोरगी लय चांगली आहे आणि एक कसाबीण आहे.

पुढं मी वरचेवर भरती होत गेले आणि त्या दोघी मला वरचेवर भेटत गेल्या. आरमोरी ड्यूटी नसली तरी माझ्याजवळ येऊन बसायची. तिच्या मैत्रिणींच्या गोष्टी सांगायची, माझी वेणी घालून द्यायची, घरून चिवडा आणायची. मला तिचा फार लळा लागला. पण सुई लावायची वेळ आली की तिचं पहिल्या दिवशी होतं तेच व्हायचं. देवाचं नाव घ्यायची, माझी माफी मागायची, टोचायची, माझ्या तोंडाकडे बघायची. तिनं कितीदा टोचलं असेल! पण दर वेळी तिनं पहिल्यांदाच टोचल्यासारखं टोचलं. चुकली की म्हणायची, "माह्या हाताले यशच नाई." आणि आम्ही दोघी मिळून ते तिच्या नशिबावर टाकून मोकळ्या व्हायचो.

गोंडपिपरी बसायला कधी आली नाही. ती यायची ती हातासाठी. दुपारी जेवणं होऊन बाया आडव्या झाल्या की ती यायची, खाटेखालचं स्टूल ओढायची आणि नुसता पट्टा बांधायची. सुई नाही, काही नाही. डोळे मिटून बोटाच्या टोकानं माझ्या हातावर कुठं काय लागतं ते बघत बसायची. मधेच डोळे उघडून बोट जिथं थांबलं तिथं पेनानं ठिपका द्यायची. मग पट्टा सोडून पुन्हा बांधायची आणि ठिपका बरोबर जागी आला होता का ते बघायची. चुकला असेल तर थुंकी लावून पुसायची. माझा हात म्हणजे तिची पाटी होती. मी झोपले आहे की जागी आहे याच्याशी तिला घेणंदेणं नव्हतं.

एकदा मी पाण्याच्या टाकीकडे गेले तेव्हा ती तिथल्या ओट्यावर बसली होती. पुढ्यात सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी, आणि त्यावर घडी केलेलं फडकं. फडक्यावरून बोट फिरवून खालची नळी कुठं आहे ते ओळखायचं आणि सुई घालायची, असं तिचं चाललं होतं. जमलं की ती फडक्याची आणखी एक घडी वाढवायची. म्हणजे जमल्याचा तिला आनंद नव्हताच. जमलं की ती ते अवघड करून टाकायची. बाही वर गेलेली होती. तिच्या स्वतःच्या डाव्या हातावर निळे-काळे डाग होते, माझ्या हातावर असतात तसेच.

"सोताले बी टोचतेस का?" मी विचारलं.

"हाव. पण माह्या नसा चांगल्या आहेत. त्याच्यानं काई होत नाई."

"काऊन एवढं करून राह्यली?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "नापास झाली तं बाप लगन लावून देईन. दुसरं काय?"

एवढंच. मी पुढं काही विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही.

तिच्या त्या प्रश्नाला मी उत्तर द्यायला कधी लागले ते आठवत नाही. आधी नुसतं तिची कटकट मिटावी म्हणून दिलं असेल. "आरपार गेली," किंवा "सरकली, बाजूले गेली," किंवा "वरच राह्यली, आत नाई गेली." मी आरपार म्हटलं की पुढच्या वेळी तिची सुई आडवी यायची. सरकली म्हटलं की ती पुढच्या वेळी अंगठ्यानं खालची कातडी ताणून धरायची. मी सांगितलेलं पुढच्या टोचण्यात लागू व्हायचं, हे लक्षात आलं तसं मी जास्त नीट सांगायला लागले. दुखणं सोसताना डोळे घट्ट मिटून घ्यायची सवय होती, ती मोडली. सुई आत जाताना मी आत लक्ष ठेवायला लागले. कुठं थांबली, कुठं कच्चकन झालं, कुठं गार वाटलं. मला यात काही आवडत होतं असं नाही. पण माझ्या तोंडच्या शब्दानं कोणी आपलं काम बदलावं, असं त्या दवाखान्यात दुसरं काही घडत नव्हतं.

डॉक्टरांचंच घ्या. आम्हां सिकलसेलवाल्यांवर डॉक्टरांचा विश्वास नसतो. दुखतं, दुखतं म्हणून आम्ही इंजेक्शन मागतो आणि आम्हाला त्याची चटक लागली आहे असं त्यांना वाटतं. एक डॉक्टर सकाळी फेरीला यायचे आणि माझ्या खाटेशी थांबून म्हणायचे, "हिचं नाटक चालूच आहे का?" मी रडायचे. एकदा मी रडले नाही. कंबरेतून सुरू होतं, गुडघ्याच्या वर चार बोटं थांबतं, काल गुडघ्याखाली होतं, दाबलं तर वाढत नाही, पाय उचलला तर वाढतं, असं एका दमात सांगितलं. डॉक्टर थांबले. खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी इंजेक्शन वेळेवर मिळालं. हे मला गोंडपिपरीमुळे आलं, पण तिनं काही ते माझ्यासाठी केलं नव्हतं.

आता तिनं काय केलं ते सांगते.

डिसेंबरातली भरती होती. माझ्या डाव्या हातात सलाईनची सुई लागलेली होती, चांगली चालू होती. एकदा लागली की ती काही दिवस टिकते, आणि माझ्यासारखीला लागलेली सुई म्हणजे जीव की प्राण असते. मी तो हात उशीवर ठेवून झोपायचे. दुपारी गोंडपिपरी आली. चिकटपट्टी सोडवली आणि सुई काढून घेतली.

"काऊन काढली? चालू होती ना!"

"वरती लावून पाह्यतो."

मला वाटलं, डॉक्टरांनी सांगितलं असेल. तिनं कोपराच्या वर, मागच्या बाजूला नस शोधली. एकदा चुकली, विचारलं, मी सांगितलं. दुसऱ्यांदा लागली. नीट लागली, गार धार वर चढत गेलेली मला कळली. तिनं पट्टी लावली. आणि थोडा वेळ गेल्यावर तीही सोडवायला लागली.

माय तोवर भाजी-पोळी घेऊन आली होती. मायनं तिचा हात धरला.

"बाई, काय करून राह्यली तू?"

"खालून लावून पाहायची आहे. वरची जमली आता."

मायला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिनं डबा खाटेवर ठेवला आणि तशीच मॅडमकडे गेली. मी भिंतीला धरत धरत मागून गेले. मॅडम चहा पीत होत्या. माय तावातावानं बोलत होती, चालू सुई काढली, पोरीच्या हाताची चाळणी केली, तुमच्या पोरीले समजवा. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, इथी शिकायलेच येतात पोरी. तुह्या पोरीवर नाई शिकन तं कोणावर शिकन? फुकटात उपचार होते ना? जमत नसन तं घेऊन जा घरी."

माय उभीच राहिली. मग तिनं पदर सावरला आणि "तसं नाई म्हणत मी, मॅडम" असं म्हणाली. मॅडमनी कपबशी खाली ठेवली. आम्ही परत खाटेवर आलो.

गोंडपिपरी स्टुलावर बसून होती. मी दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले आणि सांगितलं, तुला हात देणार नाही, काय करायचं ते कर.

तिनं जरा विचार केला. "नको देऊ. सलाईन तं लागनच. मंग आरमोरी लावन. चालते का?"

ती मला धमकावत नव्हती. तिला खरंच माझं उत्तर हवं होतं. माझी सगळी माया त्या दुसऱ्या पोरीवर होती आणि मी पांघरुणातून हात काढून या पोरीपुढे धरला. तिनं खालून लावून पाहिली. पहिल्याच वेळी लागली.

माय भिंतीकडे तोंड करून बसली होती.

त्यानंतरच्या थंडीत मला छातीचं दुखणं उठलं. हे सगळ्यात वाईट. श्वास पुरा घेता येत नाही, ओठ काळे पडतात. सकाळी सकाळी बाबांनी जीप थांबवली, बसलेल्या लोकांना उतरवलं आणि मला आडवं घालून आणलं. वॉर्डात ड्यूटीवर आरमोरी होती. तिनं मला पाहिलं आणि तिचा चेहरा पांढरा झाला.

"काई होत नाई तुले. मी आहे ना," म्हणाली.

आणि टोचायला बसली. नसा सगळ्या आत गेलेल्या. उजवा हात झाला, डावा झाला, मनगट झालं, पुन्हा उजवा. दोनदाचा नियम कोणाच्या लक्षात होता! दर वेळी ती माझ्या तोंडाकडे बघायची, मी श्वासासाठी तोंड वासलेलं ते बघून तिला रडू यायचं आणि हात हलायचा. माझ्या हाताला गरम गरम लागत होतं; ते रक्त होतं की तिचे अश्रू, मला माहीत नाही. तोंडातून शब्द फुटत नव्हता. नाहीतर मी सांगितलं असतं की तू हाताकडे बघ, मी मरत असले तरी हाताकडे बघ.

मायनं तिचा खांदा धरून हलवला. "बाई, त्या दुसरीले बोलव. त्या उंच पोरीले."

"तिची ड्यूटी नाई आता..."

"बोलव तिले!" माय ओरडली. मायला मी आयुष्यात तेवढंच एकदा ओरडताना ऐकलं.

गोंडपिपरी आली तेव्हा तिचं डोकं ओलं होतं, कानामागे शिकेकाईचा फेस तसाच होता. तिनं आरमोरीला स्टुलावरून उठवलं. माझ्या दोन्ही हातांवरून नजर फिरवली, कुठं कुठं बिघडवून ठेवलं आहे ते बघून घेतलं. मग डोळे मिटले आणि डाव्या हाताच्या त्या पहिल्या नसेवर बोट ठेवून बसून राहिली. सगळे घाई करत होते. तिनं घाई केली नाही. सुई गेली ती मला कळली नाही, थेट गारवा कळला.

पट्टी लावून झाल्यावर ती उठली आणि सगळ्यांसमोर आरमोरीला म्हणाली, "तू तिच्या तोंडाकडे पाहून राह्यली होती. तोंडात नस असते का? बह्याड. तिले वाचवाचं होतं, का तुले तिच्याकडून चांगलं म्हणून घ्याचं होतं?"

आरमोरी भिंतीला टेकून उभी होती. मी तिच्या बाजूनं काही बोलावं असं तिला वाटलं असेल. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. दम लागला होता म्हणून मिटले असं कोणालाही वाटलं असतं.

पुढच्या वेळी भरती झाले तेव्हा आरमोरी नव्हती. ती शिकणं सोडून घरी गेली होती.

गोंडपिपरी पास झाली. मॅडम आता नव्या पोरींना तिचं उदाहरण द्यायच्या. तान्ह्या बाळांना, म्हाताऱ्यांना, जळालेल्यांना, कोणालाही सुई लागत नसली की तिला बोलावणं जायचं. तिला सिरोंच्याकडे कुठंतरी नोकरी लागली. जायच्या आधी ती वॉर्डात आपलं सामान घ्यायला आली तेव्हा मी खाटेवर होते. मी तिला हाक मारली. डावा हात पुढं केला. अंगठ्याकडून वर जाणारी ती नस आता दोरीसारखी कडक झाली होती, दाबली की दबत नव्हती. इतक्या वेळा टोचून टोचून ती आतून बुजली होती. नवीन पोरी त्या बाजूला बघायच्याही नाहीत.

"पाह्य," मी म्हणाले. "ही गेली."

तिनं बोट ठेवलं. खालून वर फिरवलं. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. इतक्या दिवसांत एकदा तरी म्हणेल.

"हाव," ती म्हणाली. "गेली. आता पायात पाहावं लागन."

आणि पिशवी खांद्याला लावून निघाली.

मी खूप दिवस मनात तिच्याशी भांडले. तिची नोकरी, तिचा पगार, न झालेलं ते लग्न, सगळं माझ्या त्या नसेवर उभं आहे असं मला वाटायचं. पण भांडताना दर वेळी त्या थंडीतली सकाळ मधे यायची आणि भांडण अर्धवट राहायचं.

आता मी ब्रह्मपुरीला शिकवण्या घेते. गणित शिकवते. पोरं एकच चूक वही भरून करतात आणि मला दाखवतात, बाई, एवढा सराव केला. मी त्यांना लाडानं काही म्हणत नाही. गणित कुठं घसरलं त्या ओळीवर बोट ठेवायला लावते, आणि ते सापडेपर्यंत पुढचं गणित देत नाही. पोरं मला खडूस म्हणतात, हे मला माहीत आहे.

आरमोरी मला एकदा तिच्या गावच्या बाजारात भेटली. कडेवर पोरगी होती. वांग्यांच्या दुकानापुढे तिनं मला ओळखलं आणि रस्त्यातच मिठी मारली. "किती वाळली गं तू! जेवतेस का नाई?" तिचा आवाज तसाच होता. मला भरून आलं. मग तिनं माझा हात हातात घेतला, प्रेमानंच घेतला, आणि माझा हात आपोआप मागं आला. मी काढला नाही, तो आला. तिनं पाहिलं. पोरीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि म्हणाली, "चल मंग, उशीर होऊन राह्यला."

या हिवाळ्यात तपासणीसाठी एका मोठ्या दवाखान्यात गेले होते. बाहेरच्या बाकड्यावर माझ्या बाजूला सिरोंच्याकडची एक बाई बसली होती. मांडीवर लहानसं पोर, त्यालाही माझाच आजार. तिची मराठी तेलुगूच्या वळणाची होती, पण बोलायची हौस होती. पोराच्या मनगटावर सलाईनच्या सुईची पट्टी होती, आजूबाजूला डाग नाही, सूज नाही. मी विचारलं, कोणी लावली. तिचा चेहरा उजळला.

"आमच्याकडं एक सिस्टर आहे. उंच आहे. इथं हनुवटीले भाजलेलं आहे. लोक लांबून लांबून येते तिच्यापाशी. एका बारीत लावते. पोरगं उठलं बी नाई झोपेतून."

"बोलते का कोणाशी?"

"छे! बोलत नाही, हासत नाही. लोक भेते तिले." ती हसली. "तुम्ही वळखता का?"

"हाव," मी म्हणाले. "माह्याच हातावर शिकली ती."

बाईनं माझ्या हातांकडे पाहिलं. मनगटापासून कोपरापर्यंत, दोन्ही हात, सावकाश. काळे डाग, गाठी, ती दोरीसारखी नस. मग तिनं पोराचा पट्टीवाला हात आपल्या पदराखाली घेतला.

"मंग बरंच झालं ना, बाई," ती म्हणाली.